संत आंद्रेसहून परतताना

२ सप्टेंबर

पोचले. पेनेदोच्या थांब्यावर उतरले तेव्हा स्वच्छ ऊन होतं आणि दोसिंदाबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या, काठी टेकत, धुतलेला एप्रन बांधून. माझी पेटी बघून त्यांनी विचारलं, एवढंच? अर्धं आयुष्य झुरिकमध्ये काढलंस आणि एवढंच सामान? मी म्हटलं, बाकीचं हॉटेलच्या चादरी धुताना वाहून गेलं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बस चालवणारा अवेलिनो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, जपून बाई, सवय नाहीये, दात पडतील.

जाहिरातीत लिहिलं होतं : खाडीकाठचं घर, माणसं कमी, काम हलकं, एकटी बाई हवी, शेवटपर्यंत राहील अशी. सगळं खरं निघालं. घर दगडी आहे. मागे कोबीचा वाफा, दगडी खांबांवर उभी धान्याची कोठी, एक डुक्कर, थोड्या कोंबड्या. स्वयंपाकघरात एक पायरी उतरून जावं लागतं आणि उतरल्या उतरल्या डोक्याशी तुळई येते. मी दोनदा आपटले. दोसिंदाबाई म्हणाल्या, आपटल्याशिवाय हे घर कुणाला आपलं म्हणत नाही.

माझी खोली वर आहे. खिडकीतून खाडी दिसते. ओहोटीला बायका वाकून शिंपले गोळा करतात. इथून फक्त त्यांच्या पाठी आणि बादल्या दिसतात. मी इथून दोन खोरी पलीकडे जन्मले. एकोणिसाव्या वर्षी गेले, परत आले तेव्हा भावाने घर विकून टाकलं होतं. त्याने मला जेवायला बोलावलं आणि जेवण होताच विचारलं, आता कुठे जाणार. म्हणून ही जाहिरात.

जेवायला कोबी-बटाट्याचं सूप आणि मक्याचा पाव होता. दोसिंदाबाईंनी माझी थाळी आधी भरली, मग स्वतःची. असं याआधी कुणी केलेलं मला आठवत नाही. ही वही झुरिकच्या स्टेशनवर घेतली होती. इतकी वर्षं कोरीच राहिली. आता लिहायला काहीतरी आहे.

५ सप्टेंबर

काम खरंच हलकं आहे. सकाळी चूल, डुक्कर, कोंबड्या. दुपारी दोसिंदाबाईंच्या गुडघ्यांना तेल. त्या सत्तरीच्या पुढे आहेत. कानामागे जुना वण आहे, त्यावर केस ओढून घेतात. 

नवरा एलादियो दोन वर्षांपूर्वी वारला. चुलीच्या बाजूला त्याची खुर्ची अजून आहे. हात असलेली ती एकच खुर्ची. मी तिच्यावर बसायला गेले तर त्या सहज म्हणाल्या, नको, तिचा पाय डुगडुगतो. तो डुगडुगत नव्हता.

शेजारीण बाल्बिना अंडी मागायला आली. कोंबड्या तिच्याकडेही आहेत, म्हणजे ती मला बघायलाच आली होती. वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, बरी आहेस, मला वाटलं एखादी म्हातारी पकडून आणली असेल. मग, लग्न नाही केलंस? नाही म्हटल्यावर म्हणाली, शहाणी. आणि दोसिंदाबाईंकडे बघत, हळू नाही, चांगलं मोठ्याने : शहाणी बाई शोधलीस गं दोसिंदा, शहाण्या बायकांना अनुभव नसतो. दोसिंदाबाईंनी तिला अंडी देऊन वाटेला लावलं.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. आठ तारखेला संत आंद्रेसच्या देवळाला यात्रेची बस जाते. एलादियो जिवंतपणी कधी गेला नाही. म्हणायचा, संताला गरज असेल तर त्याने माझ्याकडे यावं. हे मला सांगायला नको होतं; आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की जो जिवंतपणी तिथे जात नाही, त्याला मेल्यावर जावंच लागतं, आणि वाट कुणीतरी दाखवावी लागते. माझ्या वडलांना आईने नेलं होतं. शेजारची जागा रिकामी ठेवून ती वाटभर त्यांना मक्याच्या भावाबद्दल सांगत होती. मी मागच्या बाकावर होते. लाज वाटली होती, हे आठवतं.

तू नेशील का त्याला, असं दोसिंदाबाईंनी विचारलं. त्याला बोलवायला दफनभूमीतली शिडी चढावी लागते, ती माझ्याच्यानं चढवत नाही. मी लगेच हो म्हटलं.

मग त्या म्हणाल्या की दफनभूमीच्या भिंतीत एलादियोच्या शेजारचा शवपेटीचा कोनाडा त्यांच्यासाठी घेतलेला आहे, पण त्यांना आपल्या आईपाशी जायचं आहे. तो तू घे. तुझं कुणी नाही, कुठल्या तरी कोपऱ्यात टाकतील तुला. इथे निदान घराण्यात राहशील.

मी रडले. पन्नाशीची बाई, सोललेला बटाटा हातात धरून रडले.

७ सप्टेंबर

आज बोलावणं केलं. एलादियोचा कोनाडा सगळ्यात वरच्या रांगेत आहे. फादर शेनारोंनी शिडी आणून दिली आणि थोडं दूर जाऊन प्रार्थनेचं पुस्तक उघडून उभे राहिले. मी विचारलं, चालतं ना हे, फादर? ते म्हणाले, चर्च शिकवत नाही, चर्च अडवतही नाही. माझ्या आजोबांना मीच नेलं होतं. मला कशाला विचारतेस?

वर चढून संगमरवरावर ठोकलं. खालून दोसिंदाबाई शब्द सांगत होत्या. एलादियो, ऊठ. उद्या संत आंद्रेसला जायचंय. तुझं तिकीट काढलंय. माझ्याबरोबर ये. शेवटचं वाक्य मी पुटपुटले तर त्यांनी काठी आपटली. मोठ्याने म्हण पोरी, कुणाबरोबर ते त्याला कळायला नको?

माझ्याबरोबर ये, मी मोठ्याने म्हटलं.

उतरताना दोसिंदाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात घामाने ओला होता. त्यांचा नवऱ्यावर फार जीव असणार, असं मला वाटलं.

८ सप्टेंबर

सुंदर दिवस. बस भरलेली होती, आणि रिकाम्या पण तिकीट काढलेल्या जागा मधूनमधून. कुणी त्यांच्यावर पिशवीसुद्धा ठेवली नाही. पुढे एक मुलगा बापाला सांगत होता, बाबा, हा बघा पूल, तुम्ही म्हणायचात होणार नाही, झाला की नाही? एक बाई मेलेल्या सासूला म्हणाली, खिडकी उघडू? उघडतेच, आता तुमचं काही चालायचं नाही. सगळे हसले. अवेलिनो ओरडला, मेलेल्यांनी मागच्या दाराला गर्दी करायची नाही, जिवंतांना आधी उतरू द्या.

एलादियोची जागा खिडकीजवळ, त्याच्या बाजूला मी, मागे दोसिंदाबाई. वाटभर बोलावं लागतं, नाहीतर त्याला रस्ता कळत नाही. सुरुवातीला मला सुचेना. आता चढ आहे, आता उतार आहे, सांभाळ, वळण आहे, एवढंच म्हणत राहिले. मग जीभ सुटली. झुरिकच्या तळघरातल्या धुलाईयंत्रांबद्दल सांगितलं, बर्फात पहिल्या दिवशी पडले ते सांगितलं, एका इटालियन स्वयंपाक्याबद्दल सांगितलं, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दोसिंदाबाई मागून कौतुकाने म्हणत होत्या, बोल पोरी, बोल, त्याच्याशी इतकं छान कुणी बोललं नव्हतं.

बस सोडून कड्याच्या वाटेने चाललो. पाली-सरडे पायाखाली येऊ नयेत म्हणून सगळे खाली बघत चालतात. ज्यांना आणायला कुणी नसतं ते जीव असे सरपटत येतात म्हणे. एक हिरवी पाल माझ्या बुटाशी थबकली. तिला जाऊ दिलं. वाटेच्या दगडांच्या राशीवर माझ्या नावचा एक दगड ठेवला, एलादियोच्या नावचा एक.

देऊळ लहान आहे, पांढरं, मागे नुसता समुद्र. दारात मी सांगायचं ते सांगितलं. पोचलास एलादियो. आत जा. मी इथून परत जाते. मला हलकं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. झऱ्यावर सगळ्यांनी मनात काहीतरी मागून पावाचा तुकडा पाण्यात टाकला. तरंगला तर मिळतं. दोसिंदाबाईंचा तरंगला. त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

परतताना त्या म्हणाल्या, मळमळतंय, मी पुढे बसते. मी माझ्या जुन्याच जागी बसले. परतीला त्याचं तिकीट नसतं. परतीला त्या जागेशी बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. आईने एकदा माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता, तेही आठवत होतं. पण ऊन होतं, थोडी वाईन झाली होती, डोळा लागला. वळणावर बस कलंडली आणि झोपेतच मी बाजूला हात धरून म्हटलं, सांभाळ हं, वळण आहे.

बसमधलं बोलणं थांबलं. अवेलिनोने रेडिओ बंद केला. कुणी माझ्याकडे बघेना.

दोसिंदाबाई मात्र वळल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी बदामाच्या केकचा तुकडा मागे दिला आणि म्हणाल्या, खा, दमलीस.

११ सप्टेंबर

दोसिंदाबाई आज काठीशिवाय ओढ्यापर्यंत जाऊन आल्या. काळे कपडे पेटीत ठेवले, निळा झगा काढला. गुणगुणतात. त्यांचा आनंद बघून बरं वाटतं. बसमधल्या चुकीबद्दल मी क्षमा मागितली तर हात झटकून म्हणाल्या, बायकांच्या गप्पा आहेत त्या.

एक क्षुल्लक गोष्ट. मक्याच्या पावाचा टोकाचा भाग कुणीतरी जाड कापून घेतलेला होता. चुरा हात असलेल्या खुर्चीखाली. मी कडा खात नाही. दोसिंदाबाईंना चावत नाही.

२० सप्टेंबर

लिहायचं टाळत होते. लिहिलं की खरं होतं.

जेवताना खुर्चीकडून चमचा वाडग्यावर आपटल्याचा आवाज येतो. खुर्चीपुढे वाडगा नसतो. दोनदा, मग थांबून दोनदा. सूप आणखी हवं असलेला माणूस वाजवतो तसा. पहिल्यांदा आला तेव्हा दोसिंदाबाईंचे खांदे कानापर्यंत गेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे खाली आले, आणि त्या जेवू लागल्या.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात उतरले आणि मागे तुळईवर धाडकन काहीतरी आपटलं. वरची माती खाली पडली. माझ्या तोंडून आपोआप गेलं, डोकं सांभाळ. त्यानंतर आपटलं नाही.

आज सकाळी उतरताना मी आधीच सांगितलं. पायरी आहे. डोकं सांभाळ. मुकाट्याने सगळं पार पडलं. सांगितलेलं सोपं जातं.

४ ऑक्टोबर

आता प्रत्येक दारात सांगते. कोठीकडे जाताना, चिखल आहे. विहिरीपाशी, कठडा आहे. डुकराच्या गोठ्यात, खिळा आहे. न सांगता गेले तर मागे काहीतरी कोसळतं. मंगळवारी उकळतं भांडं गेलं, पायाच्या बोटांवर फोड आलेत. मी त्याला दिसतही नसेन. तो आवाजामागे येतो, आंधळा काठीमागे जातो तसा.

दोसिंदाबाई ऐकतात. काल म्हणाल्या, आवाज गोड आहे तुझा.

१२ ऑक्टोबर

बाल्बिनाला रस्त्यात गाठलं. मी कोपऱ्यावर, वळण आहे, असं बोललेलं तिने ऐकलं होतं. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथूनच बोलली.

गेल्या वर्षी दोसिंदाच घेऊन गेली होती त्याला. दारात नीट सोडला. परतताना वारा आला, आणि इतक्या वर्षांची सवय, म्हणाली, एलादियो, खिडकी लाव. झालं. आला घरी. एकाच तोंडाने दोनदा नेता येत नाही, दुसरं तोंड लागतं. आमच्यापैकी कोण देणार? आम्ही त्याला जिवंतपणी पाहिलाय. मग जाहिरात दिली तिने.

मी विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, अंडी मागायला आले तेव्हा बोलले होते ना. त्याहून किती सांगायचं? आणि कुणास ठाऊक, गप्प बसली असतीस तर सुटली असती सगळी. तूच बोललीस.

तिचं काही चुकलं नाही. मीच बोलले.

२० ऑक्टोबर

दोसिंदाबाईंना सरळ विचारलं. त्या चेस्टनट सोलत होत्या. हात थांबला नाही.

म्हणाल्या, मी तुला काही खोटं सांगितलं का? घर, जेवण, खोली, खाडी, सगळं दिलं की नाही? मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम पुढे जाऊन बसलात. त्या म्हणाल्या, हो. दिवसभर कुणाशी मायेने बोललेलं माणूस परतताना गप्प बसत नाही. गप्प बसायला निष्ठुर बाई लागते. जाहिरातीला चार जणी आल्या होत्या, तीन निष्ठुर होत्या. तू पेटी घेऊन उतरलीस आणि मला हसवलंस, तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, पण तुम्हाला तो दारात सुटायला हवा होता. मी बोलले नसते तर तो तिथेच सुटला असता, मग मला बोलू का दिलंत?

तेव्हा त्या थांबल्या. केस बाजूला करून वण दाखवला. हे चमच्याचं आहे, म्हणाल्या. सूप गार होतं. असा माणूस संताने ठेवून घेतला असता यावर माझा भरवसा नव्हता. तिथून सुटून तो पुन्हा मला शोधत आला असता. आता त्याला तू आहेस. माझा भरवसा तुझ्यावर आहे.

आणि चेस्टनटचा वाडगा माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, मी एकतीस वर्षं केलं. तुला दीड महिना झालाय. नवरा नव्हता कधी, म्हणून जड जातंय. होईल सवय.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. दफनभूमीच्या भिंतीवर शेवंतीच शेवंती. सगळं गाव तिथे, आणि माझ्याभोवती मोकळी जागा.

शिडी लावून वर गेले. त्याच्या दगडावर ठोकलं. ठोकायला नको होतं. आतून रिकाम्या खणासारखा आवाज आला. शेजारच्या कोनाड्याला दगड बसवलाय. माझं नाव कोरलंय, जन्मसाल कोरलंय, पुढे जागा सोडलीय.

फादर शेनारोंना म्हटलं, तीस तारखेला संत आंद्रेसचा सण, पुन्हा बस जाईल, कुणीतरी माझ्या वतीने त्याला न्या. तुम्ही न्या. त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, माझी जीभ सैल आहे, इरिया. बारा बायकांना विचारलं म्हणाले. खरं असेल. अवेलिनो तर म्हणतो, मला दोन तिकिटं विकणारच नाही.

मी विचारलं, मग काय करू? फादर म्हणाले, प्रार्थना. मग म्हणाले, किंवा तिने केलं ते.

११ नोव्हेंबर

आज डुक्कर मारलं. खाटीक, बाल्बिना, तिची सून, सगळे मागच्या अंगणात. कुणी घरात आलं नाही.

दोसिंदाबाई जेवणानंतर बहिणीकडे फेरोलला गेल्या. निळा झगा, नवे बूट. राहायलाच गेल्या. घराची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात टाकली आणि गालाचं चुंबन घेतलं. थांब्यापर्यंत पेटी मीच वाहिली. वाटेत मी बोलत होते, दगड आहे, उतार आहे. त्या म्हणाल्या, मला दिसतंय गं. मग लक्षात आलं त्यांच्या. भरभर चालू लागल्या.

१३ नोव्हेंबर

तो चमचा वाजवतो. मी वाढते. रिकाम्या जागेपुढे वाडगा ठेवते. सूप गार होता कामा नये.

१५ नोव्हेंबर

आज खोटं सांगितलं. मुद्दाम. वरच्या जिन्याच्या तोंडाशी म्हटलं, सपाट आहे, ये.

पडल्याचा आवाज तळापर्यंत गेला. मी हसले. खूप दिवसांनी.

दुपारी चुलीपाशी वाकले असताना मनगट धरलं गेलं आणि कढईच्या काठावर टेकवलं. सावकाश. घाई नव्हती त्याला. डाव्या मनगटावर आता अर्धवर्तुळ आहे.

यापुढे खोटं नाही.

१७ नोव्हेंबर

जाहिरात लिहिली. खाडीकाठचं घर, माणसं कमी. वाचून पाहिली. एकही शब्द खोटा नव्हता. कुणी येईल. एक पेटी घेऊन येईल. बसमधून उतरताना हसेल —

चुलीत टाकली. जळेपर्यंत उभी राहिले, कारण हात पुन्हा आत जात होता.

कुणाला आणणार नाही. एवढं तरी माझं राहू दे.

१८ नोव्हेंबर

मग एकच उरतं. तो आवाजामागे येतो. आवाज बंद.

आजपासून बोलायचं नाही. त्याच्याशी नाही, कोंबड्यांशी नाही, प्रार्थनासुद्धा मनात. दोसिंदाबाईंना निष्ठुर बाई नको होती. होते आता.

२० नोव्हेंबर

तुळई. खुर्ची. कपाटातली सगळी भांडी. सकाळपासून तो आपटतोय. मी तोंडात फडकं धरून बसले आहे.

पण माझ्यापर्यंत पोचत नाही. चाचपडतो आणि पुढे जातो. एकदा माझ्या बाजूने गेला, वाऱ्यासारखा, आणि भिंतीला लागला.

चालतंय. बोलले नाही तर मी नाही.

२१ नोव्हेंबर

भांडी फुटायची थांबली. गोठ्याकडे आवाज, मग ओढ्याकडे. लांब. आज उन्हात बसून जेवले. पाव त्याला सापडू नये म्हणून आता वरच्या खोलीत, चादरींच्या पेटीत, हिरव्या शालीखाली ठेवते.

अजून थोडे दिवस. मग निघून जाईन आणि तो इथेच वाट हुडकत राहील.

२२ नोव्हेंबर

शाल घडी घालून बाजूला ठेवलेली.

पावाचा टोकाचा भाग कापलेला. जाड.

मी बोलले नाही. कालपासून, परवापासून, एक शब्द नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त इथे —

२३ नोव्हेंबर

खात्री करून घेतली. काल एका चिठोऱ्यावर लिहिलं, चाकू कोठीत, तिसऱ्या मडक्यामागे. ठेवलाही तिथे.

सकाळी चाकू टेबलावर होता. खुर्चीसमोर.

म्हणजे शाई. म्हणजे हे सगळं, पहिल्या दिवसापासूनचं. घर कसं आहे. खोली कुठे आहे. दोसिंदाबाई कुठे गेल्या तेसुद्धा मी — नाव लिहिलंय गावाचं. लिहिलंय मी.

पानं फाडली. जुळवून ठेवलेली सापडली.

हात थांबत नाही. गप्प बसता येतं, हे थांबत नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहायला काहीतरी —

२४ नोव्हेंबर

आज जाते. कुठे ते लिहायचं नाही. कधी ते नाही.

तो बाजूला आहे. कागदावर वाकलाय. मनगट दुखतंय.

शेवटचं लिहून वही चुलीत. मग फक्त चालायचं. न बोलता, न लिहिता. पेटी नाही घेत. किल्ली दारालाच. दार ढकललं की बाहेर अंगण, अंगणाला लागून डावीकडे उतार, तिथे दगड सैल आहे, त्याच्यावर पाय देऊ नको, पुढे वाट दोन ठिकाणी फुटते, आपल्याला उजवी —